काळ्या हाताची चिठ्ठी: न्यू यॉर्कमधले इटालियन स्थलांतरित

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत उतरली. बहुतेक दक्षिणेतली: सिसिली, कालाब्रिया, बाझिलिकाटा आणि नेपल्सभोवतीच्या मुलखातली. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले, पण दक्षिणेतल्या शेतमजुराच्या पदरात नवे कर आणि सक्तीची लष्करभरती यांपलीकडे फारसे काही पडले नाही. जमिनी मोठ्या जमीनदारांच्या, सखल भागात हिवताप, आणि घरात खाणारी तोंडे वाढती. अशा घरातला धडधाकट पुरुष आधी एकटा निघे. दोन-चार हंगाम राबायचे, पैसा साठवायचा आणि गावी परतून थोडी जमीन घ्यायची, असा त्याचा बेत असे. कितीतरी जण खरोखरच परत गेले. जे राहिले, त्यांतल्या फार मोठ्या संख्येने न्यू यॉर्क गाठले. इटलीत जन्मलेले सुमारे १ लाख ४५ हजार लोक १९०० मध्ये या शहरात होते. दहा वर्षांनी हा आकडा ३ लाख ४० हजारांवर गेला.

याच वर्षांत शहरात खंडणी, बाँब आणि मुलांच्या अपहरणांची लाट उसळली. वृत्तपत्रांनी तिला ‘काळा हात’ म्हटले आणि ही कीड इटालियनांनी जहाजातून आणली, असा समज रुजला. घडले ते याहून वेगळे होते. या गुन्हेगारीचे पहिले भक्ष्य इटालियन स्थलांतरितच होते, तिच्याशी पहिली झुंज घेणाराही इटालियन स्थलांतरितच होता, आणि ती फोफावली ती न्यू यॉर्कच्या जमिनीत.

आधीपासून मळलेली वाट

इटालियन आले तेव्हा न्यू यॉर्कच्या गुन्हेगारीला काही दशकांचा इतिहास होता. १८४५ नंतरच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक दक्षिण मॅनहॅटनमधल्या फाइव्ह पॉइंट्स या दलदलीवर वसलेल्या वस्तीत कोंबले गेले होते. तिथल्या टोळ्यांची जुलै १८५७ मधली दंगल आटोक्यात आणायला सशस्त्र दल बोलवावे लागले. या टोळ्यांना आश्रय होता तो राजकारणाचा. शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची ‘टॅमनी हॉल’ ही संघटना निवडणुकीत त्यांच्याकडून मतदार गोळा करवी, विरोधकांना धाकात ठेववी आणि बदल्यात त्यांना पोलिसांपासून वाचवी.

१८९४ मध्ये राज्याच्या सिनेटने नेमलेल्या लेक्सो समितीसमोर हा व्यवहार उघडा पडला. जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने पोलिसांना ठरलेला हप्ता देत होते, आणि खात्यातली बढतीही पैसे मोजून मिळत होती. दक्षिण इटलीच्या खेड्यात पोलीस हा जमीनदाराचा माणूस, हे पाहत वाढलेल्या मजुराला या शहरात वेगळे काही दिसले नाही. त्यातून पोलीस इंग्रजी बोलणारे, बहुतांशी आयरिश. आणि मजुराला येत होती ती फक्त आपल्या मुलखाची बोली. फिर्याद द्यायची तरी कोणत्या भाषेत, हा प्रश्न पोलीस ठाण्याच्या पायरीवरच उभा राही.

गाववाला, मुकादम आणि पेढी

इटालियन माणसाची निष्ठा देशापेक्षा गावाशी होती. चर्चच्या घंटेचा आवाज जिथवर पोचतो तिथवर आपली माणसे, अशी ती भावना होती. न्यू यॉर्कमध्येही वस्त्या तशाच बसल्या. मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे; एका गावचे लोक शक्यतो एकाच इमारतीत. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या गावागावांचे गाळे होते, त्याच्याशी जुळणारी ही रचना. पंचवीस फूट रुंदीच्या जागेवर पाच-सहा मजले, एका मजल्यावर चार बिऱ्हाडे, आतल्या खोल्यांना उजेड नाही. स्वतः डेन्मार्कमधून आलेला पत्रकार जेकब रीस याने १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ या पुस्तकातून या खोल्या शहराला दाखवल्या. १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला खिडकी सक्तीची झाली. जुन्या इमारती मात्र माणसांनी भरलेल्याच राहिल्या.

या वस्तीत नवख्या माणसाला पहिला आधार मिळे तो ‘पाद्रोने’चा. महाराष्ट्रातल्या वाचकाला तो ऊसतोडीच्या मुकादमावरून लगेच ओळखू येईल. हा गाववालाच, पण आधी आलेला आणि कामापुरती इंग्रजी शिकलेला. रेल्वेमार्ग, धरणे, भुयारे बांधणाऱ्या कंपन्यांना तो माणसे पुरवी आणि माणसांना काम. कामामागे मजुराकडून दलाली घेई, कामाच्या ठिकाणी राहायला खोपटे देई, आणि शिधा आपल्याच दुकानातून चढ्या भावाने घ्यायला लावी. परदेशात करार करून मजूर आणायला १८८५ च्या कायद्याने बंदी होती, तरी बंदरावर उतरलेल्या माणसाला गाठायला तिची आडकाठी नव्हती.

पाद्रोनेच्या जोडीला पेढी असे. बाहेरून ती किराण्याचे दुकान दिसे: छताला टांगलेले चीज, भिंतीशी ऑलिव्ह तेलाचे डबे, काचेवर जहाज कंपन्यांच्या जाहिराती. आत एका कोपऱ्यातल्या टेबलावर निरक्षरांची पत्रे लिहिली जात, तिकिटे विकली जात, गावी पैसे धाडले जात आणि बचत ठेवून घेतली जात. पावती असेच असे नाही. पेढीवाला रातोरात पसार झाला तर वर्षांची कमाई गेली. इटलीने १९०१ मध्ये कायदा करून परदेशातून पैसे पाठवण्याची जबाबदारी बांको दि नापोली या बँकेवर सोपवली, ती हीच लूट थांबवण्यासाठी.

पाद्रोने आणि पेढीवाला दोघेही सरसकट गुन्हेगार नव्हते. पुष्कळांनी प्रामाणिकपणे व्यवहार केले. पण नोकरी, पैसा, पत्र आणि भाषा या चारही गोष्टींसाठी मध्यस्थाच्या तोंडाकडे पाहावे लागणारा माणूस सहज लुबाडता येतो. कोणाकडे किती पैसा आहे, कोणाचे दुकान चालते, कोणाची मुलगी कोणत्या शाळेत जाते, हे सारे गल्लीला माहीत असे. खंडणी मागणाऱ्याला हवी असलेली सगळी माहिती त्याच्या दारातच होती.

चिठ्ठी

ऑगस्ट १९०३ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका इटालियन बांधकाम कंत्राटदाराला खंडणीची चिठ्ठी आली. तिच्यावर ‘मानो नेरा’, म्हणजे काळा हात, अशी सही होती. ती बातमी वृत्तपत्रांत गाजली आणि नाव सर्वतोमुखी झाले.

अशा चिठ्ठ्यांचा एक साचा ठरून गेला. मजकूर बहुधा आदराने सुरू होई, मग रक्कम, वार, वेळ आणि जागा. खाली शाईने काढलेला काळा पंजा, कवटी, खंजीर किंवा शवपेटी. पहिल्या चिठ्ठीला उत्तर दिले नाही तर दुसरी, तिसरी. मग एखादा ओळखीचा गृहस्थ घरी येई. झाले ते ऐकून हळहळे, ‘त्या लोकांशी बोलून पाहतो’ म्हणे आणि रक्कम निम्म्यावर आणून देई. घरच्यांना तो देवासारखा वाटे. तो त्याच टोळीचा असल्याचे पुष्कळदा फार उशिरा कळे, किंवा कळूनही बोलता येत नसे.

पैसे न देणाऱ्याच्या दुकानापुढे स्फोट होई. भुयारी रेल्वे आणि इमारतींच्या पायांसाठी शहरभर खडक फोडला जात होता, त्यामुळे कामावरून सुरुंगाच्या कांड्या पळवणे अवघड नव्हते. एका स्फोटाने दुकानाची काच फुटे आणि सबंध गल्ली गप्प होई. नानबाई, खाटीक, न्हावी, छोटे कंत्राटदार, पेढीवाले हे नेहमीचे लक्ष्य. थोडी बरकत दिसली की चिठ्ठी आलीच. जगप्रसिद्ध गायक एन्रिको कारुझोही यातून सुटला नाही. १९१० मध्ये त्याच्याकडे पंधरा हजार डॉलर मागितले गेले. त्याने पोलिसांना कळवले, सापळा लागला आणि दोघांना शिक्षा झाली. कारुझोपाशी नाव होते आणि पहारा होता. एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या नानबाईपाशी दोन्ही नव्हते.

वृत्तपत्रे काळ्या हाताचे वर्णन समुद्रापलीकडून हुकूम सोडणारी एकच गुप्त संघटना असे करीत. तशी एकच संघटना नव्हती. काळा हात ही एक पद्धत होती आणि कागद, शाई व थोडा निर्ढावलेपणा असलेल्या कोणालाही ती वापरता येत होती. दोन-तीन माणसांची टोळी पुरत असे. सही एकच असल्यामुळे दुसऱ्याने उडवलेल्या बाँबची दहशत प्रत्येक टोळीला फुकट मिळे.

पिंपातला मृतदेह

या सुट्या टोळ्यांच्या पलीकडे संघटित गटही होते. १४ एप्रिल १९०३ च्या सकाळी पूर्व अकराव्या रस्त्यावर एक लाकडी पिंप बेवारस उभे असलेले सापडले. आत भुसा, आणि त्यात दुमडून कोंबलेला गळा चिरलेला माणूस. मृताची ओळख कोणालाच पटेना. इटालियन बोलणारा डिटेक्टिव्ह जोसेफ पेत्रोसिनो मृताचे छायाचित्र घेऊन सिंग सिंग तुरुंगात गेला. तिथे बनावट नोटांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याने आपला मेहुणा ओळखला: बफेलोचा बेनेदेत्तो मादोनिया.

माग निघाला तो कोर्लिओने गावाहून आलेल्या जुझेप्पे मोरेल्लोच्या टोळीपर्यंत. अटका झाल्या. पण चौकशीत साक्षीदार एकामागून एक शब्द फिरवू लागले, आणि या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. मोरेल्लो आणि त्याचा साथीदार इग्नात्सिओ लुपो यांचे वैशिष्ट्य असे, की दिवसाउजेडी ते प्रतिष्ठित होते. लुपोचे मॉट स्ट्रीटवर आयात किराण्याचे भव्य दुकान होते. मोरेल्लोने इमारती बांधणारी सहकारी संस्था काढून समभाग वस्तीतल्या लोकांना विकले, आणि १९०७ च्या आर्थिक संकटानंतर ती बुडाली. अखेर दोघे अडकले ते बनावट नोटांच्या प्रकरणात. फेब्रुवारी १९१० मध्ये मोरेल्लोला पंचवीस वर्षांची आणि लुपोला तीस वर्षांची शिक्षा झाली. नोटा छापणे हा केंद्र सरकारविरुद्धचा गुन्हा असल्याने तपास सिक्रेट सर्व्हिसकडे होता. वस्तीतल्या गरिबाला लुटण्याच्या गुन्ह्यात मात्र साक्ष मिळत नव्हती.

पेत्रोसिनो

जोसेफ पेत्रोसिनोचा जन्म १८६० मध्ये दक्षिण इटलीतल्या पादुला गावी झाला. लहानपणी तो न्यू यॉर्कला आला. मलबेरी स्ट्रीटवरच्या पोलीस मुख्यालयासमोर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट पुसत असे. पुढे रस्तेसफाई खात्यात लागला आणि १८८३ मध्ये पोलिसात. उंची नियमापेक्षा कमी होती, पण इटालियन भाषा येणारा माणूस खात्याला हवा होता. १८९५ मध्ये, थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे प्रमुख असताना, त्याला डिटेक्टिव्ह सार्जंट करण्यात आले.

तो मजुराच्या वेषात कामावर जाई आणि इटलीच्या अनेक बोली बोलत वस्तीत मिसळे. इटालियन भाषकांचे स्वतंत्र पथक हवे, असे तो वरिष्ठांना सांगत राहिला. अखेर १९०५ च्या सुमारास पाच-सहा जणांचे ‘इटालियन पथक’ उभे राहिले. लाखोंच्या वस्तीसाठी एवढीच माणसे. तरीही प्रथमच फिर्यादीला आपल्या भाषेत बोलता येऊ लागले. वस्तीतले मत मात्र दुभंगलेले होते. काहींना तो आपला रक्षक वाटे. काहींना आपल्याच माणसांना आयरिश पोलिसांच्या हवाली करणारा वाटे. त्यालाही काळ्या हाताच्या चिठ्ठ्या येत.

१९०७ च्या कायद्याने, मायदेशी गुन्हा करून आलेल्या परदेशी माणसाला आल्यापासून तीन वर्षांच्या आत परत धाडता येत होते. त्यासाठी इटलीतल्या न्यायालयांचे दाखले हवे होते. ते गोळा करायला पेत्रोसिनो १९०९ च्या फेब्रुवारीत गुप्तपणे निघाला. ही मोहीम न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आली. १२ मार्चच्या रात्री पालेर्मोच्या पियात्सा मरिना चौकात, बागेच्या कठड्याशी, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही. मागे पत्नी आणि काही महिन्यांची मुलगी राहिली.

एप्रिलमध्ये न्यू यॉर्कमध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा दोन लाखांहून अधिक लोक उभे होते. त्यांत हजारो इटालियन होते: फुटलेल्या काचा पाहिलेले, चिठ्ठ्या जाळून टाकलेले, पैसे भरून गप्प राहिलेले. त्या दिवशी गल्ली घराबाहेर आली होती.

पुढच्या दहा वर्षांत काळा हात ओसरला. टपालाचा गैरवापर हा केंद्रीय गुन्हा असल्याने टपाल खात्याचे निरीक्षक मागे लागले, पहिल्या महायुद्धाने नवे येणे थांबवले, आणि जुने रहिवासी शहराला सरावले.

संशयाची सावली

गुन्हेगार मोजके होते, संशय सगळ्यांवर होता. न्यू ऑर्लिन्समध्ये पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने कोणालाही दोषी ठरवले नाही, तेव्हा १४ मार्च १८९१ रोजी जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार केले. त्यांतल्या काहींवर अजून खटलाही चालला नव्हता.

संसदेने नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ मध्ये एकेचाळीस खंडांचा अहवाल दिला. प्रौढ लोकसंख्या वाढते त्याहून अधिक वेगाने स्थलांतरामुळे गुन्हे वाढले, असा समाधानकारक पुरावा नाही, हे त्यात नमूद आहे. १९३१ च्या विकरशॅम आयोगालाही परदेशात जन्मलेल्यांचे गुन्ह्यांतले प्रमाण देशात जन्मलेल्यांपेक्षा कमीच आढळले. दरम्यान १९२४ च्या कायद्याने इटलीचा वार्षिक कोटा ३,८४५ वर आणला होता. १९०० ते १९१० या दशकात वीस लाखांहून अधिक इटालियन आले होते. त्या ओघाचे दार जवळजवळ बंद झाले. पण या कायद्याने गुन्हेगारी थांबली नाही. तिचे मोठे दिवस त्याच दशकात आले.

दारूबंदी

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी अंमलात आली. शेतातल्या द्राक्षांची दारू जेवणाबरोबर पिणे हा इटालियन घराचा रिवाज होता, आणि घरापुरती ती करण्याची मोकळीक कायद्यात होतीच. दर शरद ऋतूत कॅलिफोर्नियाहून आलेल्या द्राक्षांच्या पेट्या मलबेरी स्ट्रीटवर रचल्या जात आणि तळघरांतून आंबटगोड वास येई. यात गुन्हा काहीच नव्हता. पण शहराला हवी होती कडक दारू, आणि ती पुरवणाऱ्याला अमाप पैसा मिळत होता. शिकागोत काही टोळ्यांनी इटालियन घराघरांत छोट्या भट्ट्या बसवल्या. भट्टी राखण्याचे दिवसाचे पंधरा डॉलर कारखान्यातल्या मजुरीच्या कितीतरी पट होते. ज्या घरांना काल खंडणीची धमकी होती, ती आज धंद्याच्या साखळीत ओवली गेली.

या काळातले म्होरके शहरात वाढलेले होते. अल कपोनचा जन्म १८९९ चा, ब्रुकलिनमधला. लकी लुचानो १८९७ मध्ये सिसिलीतल्या गंधकाच्या खाणींच्या गावी जन्मला, पण नऊ-दहा वर्षांचा असतानाच न्यू यॉर्कला आला. रशियन साम्राज्यातल्या ग्रोदनोहून आलेला ज्यू मायर लान्स्की हा त्याचा निकटचा भागीदार. गावकीची निष्ठा या पिढीत मागे पडली आणि वेगवेगळ्या मुलखांची, धर्मांची मुले एका धंद्यात जुळली. १९३१ मध्ये जुन्या पिढीचे दोन प्रमुख, एप्रिलमध्ये मासेरिया आणि सप्टेंबरमध्ये मारांझानो, मारले गेले. न्यू यॉर्कची माफिया पाच ‘कुटुंबां’त विभागली गेली आणि वाद मिटवायला म्होरक्यांचे मंडळ आले. १९३३ च्या डिसेंबरात दारूबंदी उठली, तेव्हा हा पैसा जुगार, मासळीबाजार, कपड्यांची वाहतूक आणि कामगार संघटनांकडे वळला.

आर्टिचोकचा बाजार

या बदललेल्या गुन्हेगारीचे रूप आर्टिचोक या भाजीत पाहता येते. काट्यांच्या फुलाच्या कळीसारखी दिसणारी ही भाजी दक्षिण इटालियन माणसाच्या जिभेवरची. ती कॅलिफोर्नियाहून येई. मोरेल्लोचा सावत्र भाऊ चिरो तेरानोवा याने धाकदपटशाने लहान आर्टिचोकचा व्यापार मुठीत घेतला आणि भाव चढवला. तो जास्तीचा पैसा भरत होते इटालियन घरचेच लोक.

२१ डिसेंबर १९३५ च्या पहाटे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्दिया ब्राँक्समधल्या घाऊक बाजारात उभे राहिले. तुताऱ्या वाजल्या, आणि त्यांनी या भाजीची विक्री आणि साठवण बंद करणारा जाहीरनामा स्वतः वाचून दाखवला. थोड्याच दिवसांत मक्तेदारी मोडली, भाव उतरले आणि बंदी उठवण्यात आली. ला ग्वार्दियांचे वडील इटलीतल्या फोज्जा भागातले, आई त्रिएस्तेची ज्यू. लहानपणी ॲरिझोनात मुले त्यांना माकडवाला इटालियन म्हणून चिडवत. १९०७ ते १९१० या काळात एलिस बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात दुभाष्याचे काम करताना, भाषा न येणारा माणूस किती असहाय असतो, हे त्यांनी रोज पाहिले होते. १९३६ मध्ये सरकारी वकील थॉमस ड्यूई यांनी लुचानोला वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यात तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा मिळवून दिली. त्या खटल्याचे धागे प्रथम जुळवले ते युनिस कार्टर या कृष्णवर्णीय महिला वकिलाने.

दोन शिड्या

समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांनी १९५३ मध्ये गुन्हेगारीला अमेरिकेत वर चढण्याची एक विचित्र शिडी म्हटले. आयरिश, ज्यू आणि इटालियन वस्त्यांतली काही मुले पाळीपाळीने ती चढली, कारण उघड्या शिड्या त्यांच्यासाठी उशिरा लागल्या. हे वर्णन योग्य आहे, पण त्या शिडीवर माणसे थोडी होती. बहुसंख्य इटालियन दुसऱ्या वाटेने गेले. तयार कपड्यांच्या कामगार संघटनेत १९१९ मध्ये इटालियन स्त्री-पुरुषांची ‘लोकल ८९’ ही शाखा उभी राहिली. बाझिलिकाटातल्या आव्हिल्यानो गावचा लिओनार्ड कोव्हेल्लो १९३४ मध्ये ईस्ट हार्लेममधल्या बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला आणि मुलांची घरची भाषा त्याने शाळेत मानाने आणली.

गुन्हेगाराने स्थलांतरिताला विकलेल्या गोष्टी ठरावीक होत्या: काम, कर्ज, भाषा आणि संरक्षण. या चारही गोष्टी त्या माणसाच्या हक्काच्या होत्या, पण शहराने त्या वेळेवर दिल्या नाहीत, म्हणून मधल्या माणसाने त्यांची किंमत लावली. नोंदणीकृत बँक, कामगार संघटना, शाळा आणि आपल्या भाषेत फिर्याद लिहून घेणारा पोलीस आल्यावर मलबेरी स्ट्रीटवरच्या दुकानदाराच्या दारात काळ्या हाताची चिठ्ठी येणे थांबले.